चवथीच्या मुगागाठी: महिनाभराच्या नोंदी

यंदा चवथीला मुगागाठी करायची पाळी माझ्यावर आली. सासरचं मूळ घर गोव्यात, फोंडा तालुक्यात, म्हार्दोळजवळ. गणपती तिथेच बसतो, आणि पहिल्या दिवशी दुपारी चाळीसेक माणसं जेवतात. इतकी वर्षं हे काम माझ्या थोरल्या जाऊबाई, माई, करत आल्या. मे महिन्यात त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मूग चोळण्याइतका जोर अजून हातात आलेला नाही. "तूंच कर गो," एवढंच त्या फोनवर म्हणाल्या.

माझं माहेर साताऱ्याकडचं. मूग मला माहीत होते ते कांदा-लसूण आणि काळ्या मसाल्याच्या उसळीतले. मुगागाठी लग्नानंतर पहिल्यांदा खाल्ल्या. मोड आलेले, साल काढलेले अख्खे मूग, ओल्या नारळाचं वाटप, चिंच, गूळ आणि खोबरेल तेलात मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. कांदा-लसूण नाही. दाणा अख्खा हवा आणि साल मात्र नको. सारी मेहनत आहे ती एवढ्यासाठीच. डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात महिनाभर सराव केला, त्याच्या या नोंदी. मूळ घरापासून लांब राहून कुणी हे करायला घेतलं तर माझा वाया गेलेला वेळ त्यांचा वाचेल.

२६ जुलै २०२५, शनिवार

काल श्रावण लागला, लगेच सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या दुकानातले २०० ग्रॅम मूग, २८ रुपये. सकाळी भिजवले, पाच तासांनी उपसले आणि पंचात बांधून ठेवले. दुसऱ्या सकाळी उघडलं तर एक तृतीयांश मुगांना मोडच नव्हते.

तरीही सोलायला बसले. स्टीलच्या चाळणीत घेऊन नळाखाली चोळले. चाळणीच्या जाळीला घासून दाणे दुभंगले. पाऊण तासानंतर समोर होती ती ओली मुगाची डाळ आणि तिला अर्धवट चिकटलेली हिरवी सालं. आणखी तासभर एकेक दाणा चिमटीत धरून सोलला. एकूण एक तास चाळीस मिनिटं, आणि तेही २०० ग्रॅमला. चाळीस माणसांना दीड किलो लागतात. या वेगाने बारा तासांपेक्षा जास्त झाले असते.

खाताना दाताखाली गणंग आले. गणंग म्हणजे न भिजलेला, खड्यासारखा मूग. कितीही शिजवला तरी तो तसाच राहतो.

दोन चुका कळल्या. भिजवण्यात घाई केली, आणि जुने मूग घेतले. दुकानातले मूग गुळगुळीत चकचकीत होते. माई म्हणतात, चकाकणारा मूग घेऊ नये, जरा मळकट दिसणारा, बारीक दाण्याचा घ्यावा. मंडईजवळच्या भुसार दुकानात तसे मिळाले, १४० रुपये किलो.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून हा पदार्थ दिवसाला साजेसा. नारळ काल रात्रीच खवून ठेवला होता.

या वेळी नऊ तास भिजवले, सुरुवातीचं पाणी कोमट. भिजल्यावर मूग मोठ्या थाळीत एका थरात पसरले. फुगलेल्या मुगांत न फुगलेला गणंग लगेच दिसतो, बारीक आणि गडद. एका वाटीत पंधरा-वीस निघाले. मोड यायच्या आधीच हे काम करावं, नंतर मोडांच्या गुंत्यात गणंग सापडत नाही.

वीस तासांत मोड आले, साधारण तांदळाच्या दाण्याएवढे. एवढेच हवेत. मोड लांबला की चोळताना तुटतो, दाणा उघडतो आणि चवीला गवताची झाक येते.

सोलण्याची रीत माईंनी फोनवर दाखवली, कॅमेरा परातीकडे वळवून. परातीत मूग बुडून वर चार बोटं राहील इतकं कोमट पाणी घ्यायचं. दोन्ही तळहातांत मूठभर मूग घेऊन पाण्याखालीच हलके फिरवायचे. मूग परातीवर घासायचे नाहीत आणि दाबायचे नाहीत. साल सुटते आणि वर तरंगते. परात कलती करून सालं पाण्याबरोबर चाळणीत ओतायची, म्हणजे चुकून निसटलेला दाणा सापडतो. मग नवं कोमट पाणी. सहा-सात वेळा असं केलं की काम झालं. मला २५ मिनिटं लागली, आणि दुभंगलेले दाणे जेमतेम मूठभर निघाले. पहिल्यांदा परातीच्या तळाशी ते पिवळसर पांढरे, इवल्या शेपटीचे मूग बघितले आणि फार बरं वाटलं.

आणि मग ते कुकरला लावले. एकच शिट्टी केली. झाकण काढलं तर वरण. साल गेलेल्या मुगाला सावरून धरणारं काही राहत नाही, कुकरच्या दाबाखाली तो विरघळतो. तासाभराच्या मेहनतीचं वरण तूप घालून खाल्लं.

३ ऑगस्ट, रविवार

पुन्हा २०० ग्रॅम. या वेळी उघड्या पातेल्यात. मूग बुडून वर एक पेर पाणी, हळद आणि चमचाभर तेल. मूग मोडू नयेत म्हणून मी मनानेच एक गोष्ट केली: चिंचेचा कोळ सुरुवातीलाच घातला.

मूग मोडले नाहीत, पण शिजलेही नाहीत. चाळीस मिनिटांनंतरही मध्ये करकरीत. आंबटात कडधान्य शिजत नाही. डाळ शिजायच्या आधी आमसूल घालायचं नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण चोळून इतक्या नाजूक झालेल्या मुगाला तो नियम लागू नसेल असं मला वाटलं. तो लागू आहे.

माईंना फोन केला. त्यांनी क्रम सांगितला. आधी नुसते मूग हळदीच्या पाण्यात, मध्यम आचेवर. दाणा बोटांत दाबला की दबावा पण फुटू नये, तिथे मीठ. मग वाटप, गूळ, आणि चिंच सगळ्यात शेवटी. मी विचारलं, "माई, किती मिनिटं?" त्या म्हणाल्या, "घड्याळ कित्याक? दाबून पळे." म्हणजे घड्याळ कशाला, दाबून बघ. तरी नवीन माणसासाठी लिहून ठेवते: २०० ग्रॅमला उकळी आल्यापासून १० ते १२ मिनिटं.

९ ऑगस्ट, शनिवार

काल नारळी पौर्णिमा, घरात चार नारळ. यंदा नारळ महाग आहे, मी ५५ रुपयांना एक घेतला. म्हणून वाटपाचा सराव आजच केला.

२०० ग्रॅम मुगांना आमच्या घरचं प्रमाण: अर्धा मोठा नारळ, ६ ब्याडगी मिरच्या, एक चमचा धणे, ५ मिरे, पाव चमचा हळद, सुपारीएवढी चिंच, लिंबाएवढा गूळ. शेजारच्या घरी यात फरक असेल. कुणी मिरे घालत नाहीत, कुणी सुरणाच्या फोडी घालतात, काजूच्या दिवसांत ओले बिबे, म्हणजे ओले काजूगर, तेही पडतात.

पहिल्या घाण्यात सगळं एकदम मिक्सरमध्ये टाकलं. धणे अर्धवट राहिले, म्हणून फिरवत राहिले. भांडं तापलं आणि नारळाने तेल सोडलं. रश्श्यात ते वाटप फुटलं: वर तेलकट तवंग, खाली पाणी आणि तळाशी चोथा. अर्धा नारळ गेला.

दुसऱ्या घाण्यात मिरच्या अर्धा तास कोमट पाण्यात भिजवल्या. धणे कोरडेच भाजले, रंग बदलेपर्यंत नाही, फक्त वास सुटेपर्यंत. आधी मिरच्या, धणे, मिरे, हळद थोड्या पाण्यात गंधासारखं वाटलं. मग नारळ घातला, फ्रिजमधलं गार पाणी घातलं आणि मिक्सर थांबवत थांबवत चालवला. बोटांत घेतलं तर रवा लागला नाही. हे वाटप पातेल्यात गेल्यावर रस्सा भगव्या रंगाचा, दाट आणि एकजीव झाला. वाटप घातल्यावर एकच उकळी, नंतर आच बारीक.

चव घेतली आणि पंधरा वर्षांपूर्वी केळीच्या पानावर पहिल्यांदा वाढलेल्या मुगागाठी आठवल्या. गूळ किंचित पुढे, मिरची मागून. नवरा दोनदा वाढून घेऊन म्हणाला, घरची लागते.

१७ ते २० ऑगस्ट

मोठा सराव, दीड किलो. या नोंदीत सगळ्यात जास्त नुकसान आहे, म्हणून तपशिलात लिहिते.

१७ तारखेला रविवारी रात्री मूग भिजवले. सोमवारी सकाळी उपसून एका मोठ्या धोतराच्या फडक्यात घट्ट गाठोडं बांधलं, डब्यात ठेवलं आणि ऑफिसला निघाले. मंगळवारी पहाटेपर्यंत मूग तयार होतील, तेव्हाच सोलीन असा हिशेब होता. सोमवारी पाऊस कोसळत होता, गाड्या रखडल्या, रात्री दादरला बहिणीकडे थांबावं लागलं. मंगळवारी, १९ तारखेला, रुळांवर पाणी भरलं आणि लोकल ठप्प झाल्या. नवरा कामानिमित्त पुण्यात. घरी पोचले ती बुधवारी सकाळी.

गाठोडं उघडण्याआधीच वास आला. बाहेरच्या थरात बोटभर मोड, एकमेकांत विणलेले. आत हात घातला तर गरम! मधला सगळा भाग बुळबुळीत आणि आंबूस. दीड किलो मूग, २१० रुपये, सगळे फेकले.

माईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की दोन दिवस राहिले म्हणून फक्त नव्हे, वेळेवर उघडलं असतं तरी मधले थोडे बिघडलेच असते. मोड येताना मूग स्वतःची उष्णता सोडतात. २०० ग्रॅमच्या पुरचुंडीत ती निघून जाते, पण दीड किलोच्या घट्ट गाठोड्यात मधेच कोंडते. माईंकडे यासाठी वेताच्या रोवळ्या आहेत. लहान प्रमाणात जमलेली रीत तशीच मोठी करायची नाही, हे मला वासावरून कळलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

अर्धा किलो, फक्त मोड आणि सोलणं तपासायला.

रोवळ्या नाहीत, म्हणून दोन मोठ्या भोकांच्या चाळण्या घेतल्या. प्रत्येकीत दोन बोटं जाडीचा थर, वर ओलं सुती फडकं, खाली ताट. दर सहा तासांनी चाळणी नळाखाली धरून मूग गार पाण्याने धुतले आणि हलक्या हाताने खालीवर केले. अठरा तासांत सगळे मोड सारखे. वास ताज्या शेंगेसारखा.

वजनं: कोरडे ५०० ग्रॅम, भिजून किलोच्या जरा वर, सोलून पाणी निथळल्यावर सुमारे ९५० ग्रॅम. सोलायला एकटीला ५० मिनिटं. म्हणजे दीड किलोला अडीच तास, आणि तीन जणी बसल्या तर तासाच्या आत.

मग जेवणाच्या वेळेपासून उलटा हिशेब मांडला. बुधवारी दुपारी दीडला पान. अकराला मूग चुलीवर. पहाटे पाचला सोलायला बसायचं. पाचला मोड तयार हवेत, तर मंगळवारी सकाळी नऊ-दहाला उपसून चाळणीत. त्यासाठी सोमवारी मध्यरात्री भिजवायचे. कागदावर लिहून फ्रिजला लावलं आणि निघताना पिशवीत घातलं.

सोललेले मूग मायक्रोवेव्हमध्ये शिजवून पाहिले. कडा कोरड्या, मध्ये कच्चे. पुन्हा नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

काल रात्रीच्या गाडीने निघालो. चवथीची गर्दी, बसायला जागा मिळाली यातच समाधान. मूग, हिंग आणि चाळण्या माझ्या मांडीवर.

इथे आल्यावर माईंनी डबा पुढे केला. गावचेच मूग, भातकापणीनंतर शेतातल्या ओलीवर घेतलेले, सातशे ग्रॅम. दाणा माझ्या मुगांहून बारीक आणि रंग काळपट हिरवा. वास घेतला तरी फरक कळत होता. ते वापरायचेच होते. माझ्याकडचे ८०० ग्रॅम त्यात मिसळणार होते, तेवढ्यात माईंनी हात धरला. दोन जातींच्या मुगांना एका वेळी मोड येत नाहीत, वेगळे ठेव म्हणाल्या. मध्यरात्री विहिरीच्या पाण्यात दोन वेगळ्या पातेल्यांत भिजवले.

२६ ऑगस्ट, मंगळवार, हरतालिका

इथे या दिवसाला तय म्हणतात. उपास होता. सकाळी साडेनऊला उपसले, गणंग वेचले. गावच्या मुगांत फक्त सात निघाले, माझ्या मुगांत साठाच्या वर. चार रोवळ्या भरल्या.

माईंचं खरं ठरलं. गावच्या मुगांना रात्री अकरालाच मोड आले, माझ्या मुगांना नुसती टोकं. पहाटेपर्यंत थांबलो असतो तर गावचे मूग लांबले असते. ते तसेच, न धुता, झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले. थंडीत मोड थांबतो. माझे रोवळ्यांतच राहिले.

पुरुषमंडळी ओसरीवर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधत होती. सुपारीचे घोस, नारळ, तवशी, रानातल्या वेलींची फळं. माई खुर्चीवर बसून कुठलं फळ कुठे ते सांगत होत्या आणि मधूनच माझ्या रोवळीवरचं फडकं उचलून बघत होत्या.

२७ ऑगस्ट, बुधवार, चवथ

पहाटे पाचला मागच्या पडवीत तीन पराती. मी, धाकटी जाऊ आणि नणंद. चुलीवर पाणी कोमट करून घेत होतो. माईंनी डाव्या हाताने एक परात हलवून बघितली आणि तिथेच बसून राहिल्या. "मातशें राव गो, सालीक वर येवंक दी," थोडं थांब, सालीला वर येऊ दे, असं दोनदा म्हणाल्या. आम्ही पाणी ओतायची घाई करत होतो. साल पूर्ण तरंगेपर्यंत थांबलं की प्रत्येक वेळी जास्त सालं जातात, एकूण पाणी कमी लागतं. पन्नास मिनिटांत दीड किलो. शंभरात पाच-सहा मुगांना साल राहिली, ती माई म्हणाल्या राहू दे.

वाटपाला चार नारळ, ४५ ब्याडगी, आठ चमचे धणे. शेजारच्या घरी ओला ग्राइंडर होता. लोण्यासारखं वाटप निघालं, मिक्सरपेक्षा कितीतरी सरस.

अकराला मोठा तांब्याचा कल्हई केलेला टोप चुलीवर. इथे मी शेवटची चूक करत होते. माझ्या मनात १२ मिनिटं पक्की होती. मुळात एवढ्या पाण्याला उकळी यायलाच २५ मिनिटं गेली, आणि तेवढ्या वेळात मूग अर्धेअधिक शिजले. उकळीनंतर चार मिनिटांनी माईंनी झारा मागितला, एक दाणा उचलला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाल्या, "काड." मला तो कच्चा वाटला. त्यांनी चुलीतली लाकडं बाहेर ओढायला लावली. जाड टोप आणि निखारे यांची धग पुढे पंधरा-वीस मिनिटं शिजवतच राहते. मीठ, वाटप, गूळ घालून एक उकळी येईतो दाणा बरोबर झाला. माझ्या १२ मिनिटांनी त्याचं वरण झालं असतं. चिंच शेवटी, मग फोडणी.

दीडला पानं वाढली. खतखतें, अळू, वरण-भात, नेवऱ्या, पातोळ्या आणि मुगागाठी. पानावर वाढल्यावर दाणा वेगळा दिसत होता, रस्सा भाताभोवती पसरत नव्हता. चुलतसासऱ्यांनी दुसऱ्यांदा मागितल्या. माई काही बोलल्या नाहीत. पान संपवल्यावर त्यांनी उरलेला रस्सा बोटाने निपटून घेतला, तो मी पाहिला.

एका भाच्याला गणंग लागला. एकच. तो माझ्याच मुगांतला असणार.

२८ ऑगस्ट, गुरुवार

टोपात तळाला चार डाव उरल्या होत्या. सकाळी त्या पोळ्यांबरोबर खाल्ल्या, घावनासारखे तांदळाचे पोळे. रात्रभरात मूग रस्सा पिऊन आणखी दाट झाले होते. ज्यांना सकाळी करून रात्री वाढायच्या असतील त्यांनी रस्सा नेहमीपेक्षा पातळ ठेवावा.

खर्च, फक्त चवथीच्या दिवसाचा: मूग ८०० ग्रॅम ११२ रुपये, गावचे मूग घरचे, नारळ घरचे, मिरच्या, धणे, मिरे, हिंग, गूळ मिळून सुमारे १८०. सरावात वाया गेलं ते यापेक्षा जास्त: मूग, नारळ, तेल धरून पाचशेच्या पुढे.

वेळ: भिजवण्यापासून पानापर्यंत ३७ तास. त्यातलं हाताचं काम साडेचार तास, तिघींचं मिळून.

सालं परसातल्या केळींच्या बुंध्याशी टाकली. मुगांचं उकळलेलं जास्तीचं पाणी मी ओतून देणार होते, ते माईंनी काढून ठेवायला लावलं होतं. काल संध्याकाळी त्यात ताक, जिरं आणि हिंग घालून कळण केलं. उपासानंतरच्या दिवसभराच्या धावपळीत तेच सगळ्यात जास्त रुचलं.

परत निघताना माईंनी त्यांच्या दोन रोवळ्या जुन्या साडीत गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवल्या, आणि गावच्या मुगांचा पाव किलोचा पुडा. ते मूग खायचे नाहीत, डोंबिवलीत कुंडीत पेरून बघायचे.